खंड्याची बैठक

इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्याने गंगवाल बसस्थानक मागे टाकले आणि चंदननगरची गजबज ओलांडली, की थोड्याच अंतरावर सिरपूरचे तळे लागते. इंदूरकर मराठी कुटुंबांना ते नवे नाही. होळकरांच्या अमदानीत बांधलेले, छोटे आणि मोठे अशा दोन भागांत पसरलेले हे उथळ पाणी आजोबांच्या पिढीपासून आपल्या ओळखीचे आहे. मात्र ओळखीच्या वस्तूकडे माणूस क्वचितच निरखून पाहतो, तसेच याचेही झाले. २०२२ साली रामसर कराराच्या जागतिक यादीत त्याचा समावेश झाला. पुढे २०२५ साली त्याच कराराखाली पाणथळ जागा जपणारी शहरे म्हणून इंदूर व उदयपूर यांना मान्यता मिळाली. भारतातील ती पहिलीच दोन शहरे. तेव्हापासून रविवारी सकाळी तळ्याच्या काठी माणसांची वर्दळ वाढली आहे, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या गळ्यात कॅमेरे दिसू लागले आहेत.

या मानसन्मानांच्या पुष्कळ आधी, तळ्यात केरकचरा आणि जलपर्णी माजत होती तेव्हापासून, ज्यांनी ते वाचविण्यासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या त्यांत आपल्या समाजातील भालू मोंढे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. मोंढे हे चित्रकार, शिल्पकार आणि छायाचित्रकार. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तळ्याच्या रक्षणासाठी झटणाऱ्यांत पुढे असलेला माणूस मुळात चित्राच्या चौकटीतून जगाकडे पाहणारा असावा, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. चौकटीतून पाहण्याची सवय लागली म्हणजे चौकटीत काय खुपते आहे हेही आपोआप दिसू लागते.

मला आज लिहावयाचे आहे ते मोठ्या तळ्याच्या पूर्वेकडच्या काठावरून दिसणाऱ्या एका वठलेल्या बाभळीविषयी. काठापासून सुमारे पंचवीस फुटांवर ती पाण्यात उभी आहे. साल केव्हाच गळून गेली, उन्हापावसाने लाकूड चांदीसारखे राखी झाले, आणि एक फांदी तेवढी पाण्यावर तिरकी झुकून राहिली. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिच्यावर कोण येऊन बसत नाही? पहाटेच्या धुक्यात छोटा पाणकावळा ओले पंख दोन्ही बाजूंना पसरून, सोवळे वाळत घातल्यासारखा, निश्चल उभा असतो. तो उठला की कोतवाल येतो. कोतवालाला कंटाळा आला की वेडा राघू. ढोकरी मात्र फांदीवर न बसता बुंध्याशी, पाण्याच्या रेघेवर, आपण कोणाला दिसतच नाही अशा समजुतीने मान आखडून बसते. आणि या सर्वांच्या येण्याजाण्यात, जणू जागेचा मूळ मालक आपणच असा, खंड्या येतो.

छायाचित्रकार मंडळी पक्ष्याच्या अशा जागेला 'पर्च' म्हणतात. मी तिला बैठक म्हणतो. गवयाची बैठक जमावी लागते, तशीच पक्ष्याचीही. आणि ती कोठे जमावी हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

खंड्या ते फार काटेकोरपणे ठरवितो. फांदीखालचे पाणी उथळ हवे, तळ दिसेल इतके स्वच्छ हवे, फांदी सूर मारण्याजोगी उंच हवी आणि उडताना पंखाला अडथळा होईल अशी डहाळी समोर नको. इतक्या अटी पुऱ्या करणारी जागा एका काठावर दोन-तीनच असतात. म्हणून खंड्या पुन्हा पुन्हा तेथेच येतो. मासा पकडला की तोच लाकडाचा तुकडा त्याचा पाटावरवंटा होतो. माशाला दोन-चार वेळा फांदीवर आपटून तो निपचित करतो, मग त्याचे डोके आपल्या घशाकडे वळवून, म्हणजे कल्ले आणि पर अडकणार नाहीत अशा बेताने, गिळून टाकतो. पक्षी जाग्यावर नसतानाही त्याची बैठक ओळखता येते. फांदीवर आणि तिच्या खाली विष्ठेचे पांढरे ओघळ असतात, क्वचित् एखादा चमकणारा खवला चिकटलेला असतो. नवखे लोक पक्ष्याच्या मागे धावतात. जाणते लोक हे ओघळ शोधतात आणि तेथे मुकाट्याने बसून राहतात.

आपल्याकडे खंड्याच्या तीन जाती सहज दिसतात. पांढऱ्या छातीचा नेहमीचा खंड्या तर पाण्यावाचूनही राहतो. नाकतोडे, सरडे यांवरही त्याचे भागते, म्हणून तो आपल्या वाड्यांच्या परसातही दिसे. दुसरा चिमुकला छोटा खंड्या, चिमणीहून फारसा मोठा नसलेला, पण निळाई अशी की डोळ्यांना खोटी वाटावी. तिसरा काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा कवड्या. त्याला इकडे हिंदीत कौड़ियाला किलकिला म्हणतात. मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या दोन्ही माणसांना त्याच्या पिसाऱ्यात कवडीच आठवावी याची मला मोठी मौज वाटते. कवड्या बैठकीचा तितकासा भक्त नाही. पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत अधांतरी राहून तो सूर मारतो. त्याचे छायाचित्र घेणे ही निराळीच विद्या आहे. तेव्हा आज त्याला सोडून देऊ.

आता चित्राकडे वळतो. कोणीही नवा कॅमेरा घेतला, की पहिला पक्षी चौकटीच्या बरोबर मध्यावर येतो. सरकारी कागदावर डकविण्याच्या छायाचित्रासारखा. पक्षी स्पष्ट असतो, पिसे मोजता येतात, तरी चित्र मुके राहते. याचे कारण असे, की पक्षी कोठे बसला आहे आणि कोठे पाहतो आहे यांपैकी काहीच त्या चित्रात नसते. खंड्या बसलेला असतो तेव्हा त्याचे सारे शरीर एका दिशेला, पाण्याकडे, ताणलेले असते. त्या दिशेला चौकटीत मोकळी जागा ठेवली, की पाहणाराही त्याच्याबरोबर पाण्याकडे पाहू लागतो. चोचीला लागूनच चौकट संपली, तर पक्षी भिंतीशी तोंड करून उभ्या केलेल्या मुलासारखा दिसतो. (आमच्या शाळेतून ती शिक्षा कधीच गेली, छायाचित्रांतून मात्र गेलेली नाही.)

रिकाम्या जागेचे हे महत्त्व इंदूरला कोणी नव्याने शिकवावे असे नाही. येथे देवळालीकर मास्तरांनी चित्रकलेची जी शाळा चालविली, तिच्यात नारायण श्रीधर बेंद्रे शिकले आणि मकबूल फिदा हुसेन यांनीही धडे घेतले. चित्रात जे काढले त्याइतकेच जे सोडले त्यालाही वजन असते, ही जाण या गावच्या मातीत आहे. छायाचित्रकाराची अडचण एवढीच, की चित्रकार कोऱ्या कागदावर हवे ते मांडत जातो आणि छायाचित्रकाराला भरलेल्या जगातून नको ते वगळत जावे लागते. तेही हात न लावता. केवळ स्वतःची जागा बदलून.

ही जागा बदलण्याची गोष्ट ऐकावयास किरकोळ वाटते, परंतु सारी मेख तिच्यातच आहे. सिरपूरच्या बाभळीमागे पलीकडच्या काठावर आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. उभ्याने चित्र घेतले, तर पाण्याची आणि काठाची रेघ नेमकी खंड्याच्या मानेतून जाते आणि डोक्यावर कोणाच्या तरी गच्चीवरची पाण्याची टाकी येऊन बसते. तेथेच उकिडवे बसून चार हात उजवीकडे सरकावे, म्हणजे टाकी बाजूला जाते आणि पक्ष्याच्या मागे दूरवरचे गवती बेट येते. ते बेट पुष्कळ लांब असल्यामुळे त्याची पाती वेगवेगळी दिसत नाहीत. मऊ हिरवट-पिवळी अशी एक सलग छटा तेवढी उरते, आणि तिच्यावर तो निळा जीव एखाद्या जुन्या लघुचित्रातल्यासारखा उठून दिसतो. पक्षी आपल्याला जितका जवळ आणि पार्श्वभूमी पक्ष्यापासून जितकी दूर, तितके हे सहज साधते. महागड्या लेन्सची जाहिरात जे वचन देते, त्यातले पुष्कळसे या दोन अंतरांच्या हिशेबातच असते.

हिशेबावरून आठवले. पाचशे मिलिमीटरच्या लेन्सने पंचवीस फुटांवरचा पक्षी टिपताना, छिद्र ५.६ वर ठेवले असता, चित्रात धारदार उमटणारी खोली जेमतेम आठ सेंटिमीटर असते, म्हणजे तळहाताच्या रुंदीएवढी. छोटा खंड्या चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत सुमारे सोळा सेंटिमीटर. तो आपल्याकडे तोंड करून बसला, तर चोच, डोळा आणि शेपूट यांतले सगळेच काही आपल्या हाती लागत नाही. अशा वेळी डोळा सांभाळावा. डोळा लखलखीत असेल आणि त्यात सकाळच्या उन्हाचा एक ठिपका असेल, तर शेपूट धूसर झाल्याचे कोणी विचारीत नाही. डोळाच विझलेला असेल, तर बाकी सारे व्यर्थ. आजचे कॅमेरे तर पक्ष्याचा डोळा आपण होऊन शोधून काढतात आणि सेकंदाला वीस-वीस चित्रे घेतात. छत्तीस चित्रांच्या रिळाच्या काळात वाढलेल्या आमच्यासारख्यांना त्याचा अचंबा वाटतो. मात्र डोळा शोधणारे यंत्र पाण्याची टाकी वगळून देत नाही. ते काम अद्याप गुडघ्यांनाच करावे लागते.

फांदीही चित्राचा निम्मा भाग आहे, हे फार थोडे लोक ध्यानात घेतात. पक्ष्याहून जाड खोड असले तर चित्र खोडाचे होते. फांदी चौकटीला अगदी आडवी छेदून गेली, तर चित्राचे दोन तुकडे पडतात. ती एका कोपऱ्यातून तिरकी यावी आणि पक्ष्यापाशी येऊन संपावी, यासारखे सुख नाही. सिरपूरच्या बाभळीची फांदी नेमकी तशी आहे, आणि माझे तिच्यावर मन जडण्याचे हेही एक कारण आहे. विजेच्या तारेबद्दल मात्र माझे मत रूढ मताहून वेगळे आहे. तारेवरचा वेडा राघू म्हणजे बिघडलेले चित्र, असे पुष्कळांना वाटते. परंतु माळव्यातल्या वेड्या राघूने तार स्वीकारून कितीतरी पिढ्या झाल्या. तारेवरून उडायचे, हवेतच मधमाशी पकडायची, परत त्याच जागी येऊन ती आपटून-घासून तिची नांगी निकामी करायची आणि मग गिळायची, हा त्याचा नित्यक्रम आहे. जी बैठक पक्ष्याला चालते ती छायाचित्रकाराला का चालू नये?

वाऱ्याविषयी एक गोष्ट मला पुस्तकात सापडण्याआधी तळ्यावरच समजली, तीही एका म्हाताऱ्या मासेमाराकडून. बसलेला पक्षी सहसा वाऱ्याकडे तोंड करतो. पाठीकडून वारा आला तर पिसे विस्कटतात, आणि उडतानाही समोरचा वारा त्याला उचलून धरतो. म्हणून ऊन आणि वारा दोन्ही आपल्या पाठीशी असतील अशी जागा धरावी. पक्षी आपण होऊन आपल्याकडे वळतो. हे त्याने अर्थातच इतक्या शब्दांत सांगितले नाही. दोन दिवस मी एकाच दगडावर बसून खंड्याची पाठ टिपीत होतो. त्याने जाळे आवरता आवरता माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "माड़साब, पंछी अपनी जगह नहीं छोड़ेगा. आप ही सरको." मी सरकलो. इतका नेमका उपदेश पुढे मला कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात मिळाला नाही.

उडण्याआधी पक्षी सूचना देतो, तीही याच मासेमाराने दाखविली. पक्षी किंचित पुढे झुकतो, पिसे अंगाशी घट्ट करतो आणि पुष्कळदा विष्ठा टाकून हलका होतो. हे दिसताच बोट दाबावे. पंख थांबलेले हवे असतील तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहून कमी वेळ पुरेसा; नुसत्या बसलेल्या पक्ष्याला हजारावा भागही पुष्कळ होतो.

येथवर सारे कौशल्याचे झाले. पण गेली काही वर्षे ज्या गोष्टीने मला अस्वस्थ केले आहे ती कौशल्यापलीकडची आहे.

माझा एक जुना विद्यार्थी, आता चांगल्या नोकरीत असलेला, सुट्टीत मला त्याची छायाचित्रे दाखवावयास आला. चित्रे अप्रतिम होती. शेवाळाने मढलेली सुबक फांदी, मागे निर्दोष हिरवा रंग, आणि चोचीत मासा धरलेला खंड्या. एक नव्हे, असे तीस-चाळीस. प्रत्येक चित्रात तीच फांदी आणि जवळजवळ त्याच आकाराचा मासा. मी विचारले, "अरे, ही जागा कुठली?"

तो हसला. "सर, जागा आम्हीच तयार केली. शेतात टब पुरला, त्यात मासे सोडले, वर फांदी रोवली. आठ दिवसांत पक्षी लागला. आता तंबूत बसलं की तासाभरात काम होतं."

"आणि तुम्ही तेथून गेल्यावर?"

"म्हणजे?"

"टब काढून नेल्यावर तो रोज तेथे येऊन बसत असेल ना?"

त्याने उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, खंड्याचं काही नुकसान तर होत नाही. फुकट मासे मिळतात त्याला."

त्याच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परसात पाण्याचे भांडे ठेवून जवळ एखादी डहाळी बांधावी आणि बुलबुल, दयाळ तीवर बसावेत, यात मला काही गैर दिसत नाही. उन्हाळ्यात ते पुण्यच आहे. परंतु पक्ष्याला आमिष लावून हवे त्या काटकीवर आणणे, मोबाइलवर त्याच्या जातीचा आवाज वाजवून त्याला प्रतिस्पर्धी आल्याचा भास करून देणे, घरट्यापुढची पाने छाटून पिलांना उन्हात उघडे पाडणे, ही सारी एकाच उताराची पायरी-पायरीने खाली जाणारी वाट आहे. घरट्याच्या बाबतीत तर कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना उपद्रव देण्याचा अंतर्भाव केला आहे. म्हणजे बंदूक न उचलताही माणूस शिकारी ठरू शकतो.

शिवाय सत्याचाही प्रश्न आहे. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातर्फे दरवर्षी वन्यजीव छायाचित्रांची जगप्रसिद्ध स्पर्धा होते. २००९ साली तिचे सर्वोच्च पारितोषिक कुंपणावरून झेपावणाऱ्या एका लांडग्याच्या चित्राला मिळाले. तो लांडगा रानटी नसून माणसाळलेला असावा, अशा निष्कर्षाला परीक्षक आले आणि २०१० च्या जानेवारीत ते पारितोषिक काढून घेण्यात आले. चौकट, प्रकाश, क्षण, सारे तेच होते. एका रात्रीत त्यातले काहीही बदलले नव्हते. तरीही त्या चित्राकडे पूर्वीच्या नजरेने पाहणे कोणालाच शक्य राहिले नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या त्या चाळीस खंड्यांकडे पाहताना मला तसेच काहीसे झाले. सिरपूरच्या बाभळीवरचा खंड्या पाण्यात नऊ वेळा सूर मारतो आणि त्यातल्या कितीतरी वेळा रिकाम्या चोचीने परत येतो. ओला, चिडलेला, पिसे झटकणारा. त्या रिकाम्या चोचीचे चित्र मला अधिक मोलाचे वाटते.

मी त्याला रागावलो नाही. पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला तळ्यावर ये, एवढेच सांगितले. तो आला. दोन तास आम्ही काठावर बसलो. खंड्या एकदाच आला, तोही पाठमोरा. मात्र त्याच वेळी धुक्यातून एक तिरंदाज पक्षी नुसती मान पाण्याबाहेर काढून सापासारखा सरकत गेला, आणि पोराने कॅमेरा खाली ठेवून तो नुसत्या डोळ्यांनी पाहिला. टब त्याने काढला की नाही, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.

खरी बैठक वाचविण्याचा प्रश्न मात्र असा दोघांत बसून सुटणारा नाही. मी ज्या खेड्यातल्या शाळेवर पूर्वी होतो तेथे गावाबाहेर एक लहानसे तळे आहे. त्याचे नाव येथे देत नाही. त्यात दोन वठलेली झाडे होती, एक बाभळीचे आणि एक करंजाचे. बाभळीच्या शेंड्यावर हिवाळ्यात नीळकंठ बसे. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ म्हणून इकडची माणसे मुद्दाम बाहेर पडतात, हे वाचकांस ठाऊकच आहे. तिच्या काट्यांवर खाटीक आपली शिकार टोचून ठेवी, आणि पोरे ती दाखवावयास मला ओढून नेत. एका वर्षी तळ्याच्या सुशोभीकरणाचे काम निघाले. ज्यांच्याकडे काम होते त्यांनी काठाला सिमेंट केले, बाके बसविली, रंगीत दिवे लावले, आणि 'मेलेले झाड बरे दिसत नाही' म्हणून बाभूळ तोडून नेली. कोणी वाईट हेतूने हे केले असे मला वाटत नाही. त्यांच्या चौकटीत ते झाड कचरा होते, इतकेच.

त्यानंतरच्या हिवाळ्यात नीळकंठ एकदोनदा दिव्याच्या खांबावर दिसला आणि मग तिकडे फिरकेनासा झाला. खाटीक तर दिसलाच नाही. एका झाडाने इतके व्हावे का, असे कोणी विचारील. परंतु उघड्या माळावर आणि उघड्या पाण्यावर उंच, निष्पर्ण, टेहळणीला योग्य अशी जागा ही पक्ष्याला अन्नाइतकीच निकडीची असते. हिरव्या झाडाच्या पानांतून त्याला पाणी दिसत नाही. आम्ही नवी रोपे लावतो त्याचे कौतुक करावे तितके थोडेच. पण वठलेल्या झाडाची बरोबरी करावयास त्या रोपांना आधी चाळीस वर्षे वाढावे लागेल आणि मग मरावे लागेल.

याच कारणासाठी, सिरपूरची चित्रे घेताना पाण्याची टाकी मी नेहमीच वगळतो असे नाही. माझ्या भिंतीवर दोन चित्रे शेजारी शेजारी लावलेली आहेत. एकात हिरव्या छटेवर एकटा खंड्या आहे. घरी येणारी माणसे त्याचेच कौतुक करतात. दुसऱ्यात तीच फांदी, तोच पक्षी, पण चौकटीच्या एका कोपऱ्यात अगदी लहान. बाकी सारे पाणी, पलीकडच्या इमारती, एका खिडकीत वाळणारे कपडे, आणि इमारतींच्या मागचा धुरकट सूर्य. पहिले चित्र कोणत्याही देशातले असू शकेल. दुसरे इंदूरचेच आहे. तरुण मंडळींना माझे सांगणे असते, की दोन्ही घ्या. निदान पन्नास वर्षांनी कोणाला कळावे, की शहराच्या इतक्या जवळ हा पक्षी बसत होता, आणि कशावर.

ज्यांना प्रत्यक्ष जाऊन पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. सूर्योदयाच्या सुमारास पोहोचावे. नऊ-साडेनऊनंतर ऊन पांढरे होते आणि निळा रंग भाजल्यासारखा दिसतो. भडक कपडे घालू नयेत, मुलांना बरोबर जरूर न्यावे, पण खाऊचे पुडके नेऊ नये. पक्षी माना वर करून आपल्याकडे पाहू लागले, म्हणजे आपण हवे त्याहून जवळ गेलो असे समजावे आणि थांबावे. सवड असेल तर हातोदच्या बाजूचा यशवंतसागरही पाहावा. गंभीर नदीवर १९३९ साली बांधलेल्या त्या जलाशयाच्या परिसरात सारस आढळतात. सारसाला झाडावर बैठक जमत नाही. त्याचा मागचा अंगठा फांदी पकडण्याजोगा नसतो. सहा फुटांपर्यंत उंच असा तो राजबिंडा पक्षी शेतातच उभा राहतो, आणि तेथे आतापर्यंत सांगितलेले फांदीचे सारे शास्त्र बाजूला ठेवून गव्हाच्या ओळी आणि आकाश यांचाच विचार करावा लागतो.

त्या खेड्यातल्या तळ्यात करंजाचे झाड अजून उभे आहे. बाभूळ गेल्याच्या पुढच्या वर्षी आठवीच्या मुलांनी त्याच्यावर बसणाऱ्या पक्ष्यांची महिनाभर नोंद केली. चौदा जाती भरल्या. माझी दोन छायाचित्रे जोडून तो कागद त्यांनी स्वतःच सरपंचांकडे नेऊन दिला. सरपंचांनी तो नीट वाचला, चित्रे ठेवून घेतली, आणि झाडाला तूर्त हात लावू नये असे कामावरच्या माणसांना सांगितले. लेखी असे काही नाही. गेल्या पौषात मी तेथे गेलो होतो, तेव्हा करंजाच्या तुटक्या शेंड्यावर पांढऱ्या छातीचा एक खंड्या बसला होता, आणि बुंध्यावर विष्ठेचे पांढरे ओघळ ताजे होते.